माशांचं पाणी, माणसांचं पाणी

आमच्या बीडकडे एखाद्या घरची सुबत्ता पाहायची असेल तर कपाटातले दागिने पाहू नयेत, अंगणातली टिपाडं मोजावीत. आमच्या गल्लीत नळाला कधी आठ दिवसांनी पाणी येतं, कधी दहा. आलं की ज्यात म्हणून पाणी मावेल ते सगळं भरून ठेवायचं. टिपाड, हंडे, घागरी, बादल्या, आणि शेवटी मोठा कुकरसुद्धा! मैत्रिणींनो, अशा घरात काचेच्या पेटीत मासे पाळायचे आणि त्यांच्यापायी आठवड्याला चार बादल्या पाणी खर्चायचं, हे ऐकून तुमच्यातल्या निम्म्याजणी तरी कपाळाला हात लावतील. आमच्या सासूबाईंनीही लावला होता. त्या चार बादल्यांचं पुढे काय झालं आणि लोणच्याच्या एका बरणीनं आमच्या घरातला तंटा कसा मिटवला, ते आज सांगते.

पेटी आणली आमच्या मुलानं, दहावीच्या सुटीत. दोन फूट लांब, एक फूट रुंद, सव्वा फूट उंच. पुढे तो शिकायला संभाजीनगरला गेला आणि पेटी मागे राहिली. पोरं घर सोडतात आणि त्यांचे नाद आईच्या गळ्यात बांधून जातात, हा अनुभव तुम्हांलाही असेल. मीही ती कुणाला तरी देऊन टाकली असती. पण त्याच सुमारास माझ्या सासऱ्यांना, नानांना, अर्धांगाचा झटका आला. उजवा हात आणि पाय गेला, वाचा गेली. चौतीस वर्षं शाळेत पोरांना पाढे म्हणायला लावलेला माणूस एक शब्द बोलू शकेना. माणसं भेटायला येत, बोलत. हे नुसते बघत आणि मग भिंतीकडे तोंड करत. पेटीसमोर खुर्ची ठेवली तेव्हा मात्र ते वळून बसले. डाव्या हाताची बोटं मिटत-उघडत मासे मोजायला लागले. तेव्हापासून सकाळचा चहा आणि दुपारचे दोन तास त्यांचे पेटीसमोर जातात.

मासे आमचे साधेच, गप्पी आणि मॉली. आपल्या मराठवाड्यातल्या काळ्या खडकातलं बोअरचं पाणी जड असतं, हंड्याला पांढरा थर धरतो ना, तसं. या दोन जातींना ते मानवतं. फक्त एक आहे, या अंडी न घालता थेट पिल्लंच घालतात, आणि तीही महिन्या-महिन्याला. दहा माशांचे चाळीस कधी झाले कळलंच नाही. मासे वाढले तसं पाणी लवकर खराब व्हायला लागलं. आठवड्यातून दोनदा निम्मं पाणी बदलल्याशिवाय मासे वर येऊन तोंड उघडायला लागत.

एका उन्हाळ्यात टँकर लावायची पाळी आली. मी बादली घेऊन पेटीकडे निघाले तशा सासूबाई दारातच उभ्या राहिल्या. म्हणाल्या, “बाहत्तरच्या दुष्काळात मी सोळा वर्षांची व्हते. दिवसभर खडी फोडायची आन् रातच्याला झऱ्यावर बसून वाटीवाटीनं घागर भरायची. मिलोची भाकर आन् सुकडी खाऊन आम्ही भावंडं वाढलो. आन् तू माशाच्या अंघोळीला बादल्या ओतू लालीस?”

यावर सुनेनं काय बोलावं? १९७२ त्यांनी अंगावर काढलेलं. आणि तेवढं मागे जायला नको. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, हे आपण सगळ्यांनीच पाहिलं. लातूर ज्या मांजरा धरणाचं पाणी पितं ते आमच्याच जिल्ह्यात, केज तालुक्यात धनेगावला. त्या वर्षी ते पार आटलं होतं. अशा मुलखात सासूबाईंचा राग अगदी रास्त होता.

आमचे हे मधला मार्ग काढायला गेले. म्हणाले, “मासे देऊन टाकू कुणाला तरी. नानांना त्या जागी टीव्ही लावून देऊ.” दोन दिवस टीव्ही लावून पाहिला. नानांनी डोळे मिटून घेतले.

मग मी वही घेऊन हिशेबाला बसले. वाळू आणि वरची मोकळी जागा सोडली तर पेटीत पंचावन्न लिटर पाणी. त्यातलं निम्मं आठवड्यातून दोनदा, म्हणजे पंधरा लिटरच्या चार बादल्या, साठ लिटर. हे साठाचं पंधरावर आणता आलं तर सासूबाईंचाही मान राहील आणि नानांचे मासेही राहतील. पण पाणी मुळात खराब का होतं, हे कळल्याशिवाय ते वाचवणार कसं?

मुलाची पुस्तकं काढून वाचली. मासा कल्ल्यांवाटे आणि विष्ठेवाटे अमोनिया सोडतो. उरलेलं खाद्य कुजलं की त्यातूनही अमोनियाच होतो. हा अमोनिया डोळ्यांना दिसत नाही. पाणी काचेसारखं स्वच्छ दिसतं आणि मासे मरतात. निसर्गात याचा बंदोबस्त सूक्ष्म जंतू करतात. एका जातीचे जंतू अमोनियाचं नायट्राइट करतात. तेही विषारीच. दुसऱ्या जातीचे त्याचं नायट्रेट करतात, ते माशांना बरंच सोसतं आणि झाडांना तर खतच. हे काम जंतू करतात, हे रशियन शास्त्रज्ञ सर्गेई विनोग्राद्स्की यांनी १८९० च्या सुमारास दाखवून दिलं. म्हणजे गाळणी नुसती कचरा अडवणारी असून भागत नाही. तिच्यात या जंतूंना राहायला घर हवं, वाहतं पाणी हवं आणि प्राणवायू हवा.

आपण शाळेत तीन मडक्यांची उतरंड शिकलो होतो, आठवतं? वरच्यात कोळसा, मधल्यात वाळू, खाली निवळ पाणी. शहरांना पाणी पुरवणाऱ्या वाळूच्या गाळण्यांचं तत्त्वही फारसं वेगळं नाही. १८२९ साली लंडनमध्ये जेम्स सिम्पसन या इंजिनिअरनं तशी मोठी गाळणी बांधली होती. वाळूच्या वरच्या थरावर जंतूंची एक जिवंत साय धरते आणि खरं काम ती साय करते. हे वाचलं आणि गाळणी मला एकदम ओळखीची वाटायला लागली. विरजण लावण्यासारखंच की हे!

पेटीत ठेवायची स्पंजची लहान गाळणी आमच्याकडे होती, पण चाळीस माशांपुढे ती चार दिवसांत तुंबायची. पेटीबाहेर ठेवायच्या मोठ्या गाळणीला कॅनिस्टर फिल्टर म्हणतात. कॅनिस्टर म्हणजे आपल्या भाषेत झाकणबंद डबा. एका नळीनं पेटीतलं पाणी खाली डब्यात उतरतं, थरांमधून गाळत वर चढतं आणि मोटर ते दुसऱ्या नळीनं पुन्हा पेटीत सोडते. विकतची घ्यायची तर काही हजार रुपये. मी म्हटलं, डबाच आहे ना, मग डब्यांची आपल्या घरात काय कमी आहे?

दहा लिटरची, जाड प्लास्टिकची, फिरकीच्या झाकणाची लोणच्याची बरणी रिकामी होती. धुवून तीन दिवस उन्हात ठेवली तेव्हा तेलाचा वास गेला. साबण मात्र लावला नाही. साबणाचा अंशही माशांना चालत नाही. झाकणात तीन भोकं हवी होती – पाणी आत यायचं, बाहेर जायचं आणि मोटरची वायर जायची. ती सुताराकडून ड्रिलनं पाडून घेतली. नळांच्या सामानाच्या दुकानात अर्ध्या इंचाची दोन टँक निपलं मागितली तेव्हा दुकानदार हसला. “कामून हो वहिनी, माशाला बी फिल्टर?” म्हणाला. पण रबरी वायसर, टेफलॉन टेप, नळीच्या क्लिपा आणि दोन लहान बॉल व्हॉल्व्ह त्यानंच आठवणीनं बांधून दिले. नळी घेतली ती गवंडी भिंतीची लेव्हल धरायला वापरतात ती पारदर्शक.

मोटर माशांच्या दुकानातली, पाण्यात बुडवून ठेवायची, १८ वॅटची घेतली. कूलरची मोटर स्वस्त पडते, पण ती वर्षभर रात्रंदिवस चालवण्यासाठी केलेली नसते. १८ वॅट म्हणजे दिवसाला अर्ध्या युनिटच्याही आत, महिन्याला तेरा युनिट. बरणी घरचीच असल्यानं सगळा खर्च हजाराच्या आत बसला.

आता थर. बरणीच्या तळाशी प्लास्टिकची चाळणी पालथी घातली. पाणी आत आणणारी नळी झाकणातून थेट या चाळणीखाली नेली. म्हणजे पाणी तळाशी सुटतं आणि वर चढत येतं, जड गाळ खालीच बसतो. चाळणीवर कोऱ्या प्लास्टिकच्या भांडी घासायच्या घासण्या आठ. तारेच्या किंवा तांब्याच्या घासण्या घेऊ नका, तांबं माशांना विष आहे. त्यावर जाड स्पंजची चकती. त्यावर बरणीच्या मध्यापासून वरपर्यंत जुन्या कौलांचे आणि चांगल्या भाजलेल्या विटांचे तुकडे, सुपारीएवढे, धूळ जाईपर्यंत धुतलेले. वीट आतून भुसभुशीत असते, तिच्या बारीक छिद्रांत जंतूंना हवी तेवढी जागा मिळते. वर उशीत भरायच्या फायबरचा पातळ थर आणि सर्वांत वर मोटर.

वायरीचं भोक एम-सीलनं बुजवलं. झाकणाखाली सायकलच्या जुन्या ट्यूबची चकती कापून बसवली. मग न्हाणीघरात बरणी खाली आणि पाण्यानं भरलेली बादली उंच स्टुलावर, असं एक दिवस-एक रात्र ठेवलं. वायरीपाशी थेंब धरत होता, तिथे पुन्हा लिंपलं आणि पुन्हा एक दिवस ठेवलं. मगच बरणी दिवाणखान्यात आली. ही चाचणी कुणीही टाळू नये. पेटीपेक्षा खाली ठेवलेल्या बरणीवर वरच्या पाण्याचा दाब असतो.

तरीही गळालीच तर? सगळी पेटी फरशीवर यायची! त्यावर एक सोपी युक्ती आहे. पाणी खाली नेणाऱ्या नळीला पेटीत पाण्याच्या पातळीखाली दोन बोटांवर एक बारीक छिद्र पाडायचं. बरणी गळून पेटीतलं पाणी त्या छिद्राच्या खाली गेलं की नळीत हवा शिरते आणि धार तुटते. फार तर अर्धी-पाऊण बादली सांडेल, मासे सुखरूप राहतील. परत येणाऱ्या नळीचं तोंड पाण्याच्या वर ठेवायचं, म्हणजे त्या बाजूनंही पाणी उलटं उतरत नाही. शिवाय बरणी एका टबात ठेवली की काळजीच नको.

पाणी सुरू करायचं ते पिंपातून रॉकेल काढायचे तसं. नळी पाण्यानं भरून अंगठा धरायचा, तोंडानं ओढायचं नाही. एकदा धार लागली की मोटरला पाणी उचलावं लागतच नाही, कारण दोन्ही नळ्यांतलं पाणी तराजूसारखं सारखं असतं. तिनं फक्त ढकलायचं. हे पाहून आमचे हे म्हणाले, “आपली खजिना विहीर आठवली!” बीडजवळची ही विहीर निजामशाहीच्या काळात बांधलेली. जमिनीखालच्या बोगद्यांतून नुसत्या उतारानं तिचं पाणी शेतांना जायचं. त्या दिवसापासून बरणीलाही आमच्याकडे खजिना म्हणतात.

परतीच्या नळीच्या टोकाला आडवी नळी लावून तिला बारीक छिद्रं पाडली, पावसासारखं पाणी पडतं. पाण्यात हवा मिसळते. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जातो आणि गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो, म्हणून हे आवश्यकच आहे.

आता विरजण. पेटीतला जुना मळका स्पंज न पिळता तसाच बरणीत टाकला. जंतू त्यातच होते. तरीही पहिल्या दिवसापासून बादल्या कमी करायच्या नाहीत. जंतूंची वस्ती भरायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर मी खाद्य निम्मं केलं आणि पाणी नेहमीसारखं बदलत राहिले. अमोनिया तपासायची थेंबांची बाटली मिळते. माझ्या बाटलीत पाणी पिवळं राहिलं तर ठीक, हिरवं झालं तर अजून वेळ आहे. पाचव्या आठवड्यात सलग आठ दिवस पिवळं राहिलं, तेव्हा बादल्या चारावरून दोनवर आणल्या, आणि मग एकीवर. एक बादली मात्र सोडता येत नाही. नायट्रेट साठत जातं, ते बाहेर काढावंच लागतं.

हिशेब सांगते. आठवड्याला पंचेचाळीस लिटर वाचले, महिन्याला जवळजवळ एक टिपाड! सासूबाईंनी पहिले पंधरा दिवस स्वतः बादल्या मोजल्या. मग काही बोलल्या नाहीत. काढलेलं पाणी मी मोरीत ओतायला निघाले तर म्हणाल्या, “थांब, ते माझ्या तुळशीला आन् वांग्याला दे.” नायट्रेट हा शब्द त्यांना सांगायची गरज पडली नाही, वांग्यानंच सांगितला.

दोन गोष्टी नीट लक्षात ठेवा. पहिली विजेची. पेटीत हात घालण्याआधी मोटर बंद करून पिन काढायचीच. वायर सॉकेटच्या खाली झोळ देऊन मग वर न्यायची, म्हणजे ओघळ आला तरी तो खाली टपकेल, सॉकेटात जाणार नाही. घरच्या बोर्डात ईएलसीबी असेल तर उत्तम. आणि वीज तीन-चार तासांपेक्षा जास्त गेली तर आल्याबरोबर गाळणी तशीच सुरू करू नका. बंद बरणीत जंतू प्राणवायू संपवतात आणि पाणी कुजायला लागतं. ते पाणी आधी बादलीत काढायचं, मग धार पेटीत सोडायची.

दुसरी धुण्याची. महिन्या-दीड महिन्यानं धार मंदावली की बरणी उघडायची, पण नळाच्या पाण्यानं धुवायची नाही. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन आपलं विरजणच मारून टाकतं. पेटीतून काढलेल्या बादलीतच स्पंज आणि घासण्या पिळायच्या. विटांना फक्त एकदा हिंदळायचं. पेटीत भरायचं नवं पाणीही एक दिवस उघड्या बादलीत ठेवून मगच घालायचं, तेवढ्यात क्लोरीन उडून जातं.

या स्पंजावरून एक सांगायचं राहिलं. नानांना व्यायाम शिकवायला येणाऱ्या ताईंनी उजव्या हातासाठी रबरी चेंडू दाबायला दिला होता. तो नानांनी किती वेळा खाली टाकला त्याला गणती नाही. एकदा मी बरणी धुवायला बसले तेव्हा त्यांनी खुर्चीतून हात पुढे केला. मी बादली त्यांच्या मांडीजवळ धरली आणि स्पंज उजव्या हातात दिला. डाव्या हातानं उजवी बोटं मिटवत त्यांनी तो पिळला. काळं पाणी बादलीत उतरलं. पुन्हा बुडवला, पुन्हा पिळला. आता स्पंज धुणं हे त्यांचं काम आहे. बरणी दीड महिन्यानं उघडते, पण एक जादा स्पंज मी पेटीतच ठेवते, तो रोज पिळायला. हात पूर्ववत झाला असं मी म्हणणार नाही. पण अंगठा आणि दोन बोटं आता आपणहून मिटतात, आणि ताई म्हणतात, चेंडूपेक्षा हा व्यायाम बरा.

राहता राहिली पिल्लं. आठ-दहा दिवस पाणी साठवायचं म्हणजे डासांना आमंत्रणच. डेंग्यूचा डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि आठवड्याभरात नवा डास उडतो. म्हणून आठवड्यातून एकदा भांडी कोरडी करा म्हणतात; पण पाणीच दहा दिवसांनी येत असेल तर टिपाड ओतून कसं द्यायचं? गप्पी मासा डासांच्या अळ्या खातो. आपल्याकडे आरोग्य खात्याची माणसंही हौदांत गप्पी सोडतात. आमची वाढीव पिल्लं आता गल्लीतल्या वापरायच्या पाण्याच्या टिपाडांत असतात. पिण्याच्या पाण्यात मात्र ती सोडायची नाहीत आणि नदी-तळ्यातही नाही. परक्या मुलखातला मासा आहे तो, आपल्या देशी माशांच्या जिवावर उठतो.

परवा समोरच्या काकू पिल्लं न्यायला डबा घेऊन आल्या. मी स्वयंपाकघरात होते. सासूबाईच त्यांना पेटीपाशी घेऊन गेल्या आणि सांगताना मी ऐकलं, “चार द्या म्हणलं तर चारच भेटतील. बाकीचे आमच्या मालकांनी मोजून ठेवलेत.”